फाशी सुनावली, मग अपील कशाला? घरातल्याच माणसांच्या खुनाचा खटला हायकोर्टात जातो तेव्हा

आई, बायको, पोरं, सासू-सासरे... घरातल्याच माणसांचा जीव घेतल्याच्या खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी सुनावली की गावात एकच वाक्य ऐकू येतं: "बरं झालं, मिटला विषय." मग वर्ष-दोन वर्षांनी पेपरात बातमी येते, ‘फाशीविरुद्ध अपिलावर सुनावणी’. आणि लोक चिडतात. एवढं सगळं सिद्ध झालेलं असताना पुन्हा सुनावणी कसली?

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये शहरात मुलाने आईचा खून केला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी ती कायम केली. मधली तीन वर्षं नेमकं काय चाललं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालं आहे. मुंबईत होणारं हे काम आता आपल्या दारात आलं आहे, तेव्हा ते समजून घेतलेलं बरं.

एका सहीचा चेक

पतसंस्थेचा चेक अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्यांशिवाय वटत नाही. एकाच सहीचा चेक खोटा नसतो, पण त्यावर पैसे निघत नाहीत. सत्र न्यायालयाची फाशी तशीच असते. निकाल खरा, शिक्षा खरी, पण उच्च न्यायालयाने ‘कायम’ म्हटल्याशिवाय ती अमलात येत नाही. आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३६६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४०७ आहे. फाशी सुनावली की सत्र न्यायाधीशांनी सगळी कागदपत्रं ताबडतोब उच्च न्यायालयाकडे पाठवायची. आरोपीने मागणी करो वा न करो.

या प्रकरणाला वकील मंडळी ‘कन्फर्मेशन केस’ म्हणतात, म्हणजे शिक्षा कायम करायची की नाही हे ठरवण्याचं प्रकरण. बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या यादीत, ते ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असं लागतं. ते पाहून सरकारनेच अपील केलं की काय, असा गैरसमज होतो. तसं नसतं, ती फक्त मांडणीची पद्धत आहे.

आरोपीचं अपील वेगळं. त्याची मुदत शिक्षेच्या तारखेपासून ३० दिवस असते. इतर शिक्षांसाठी उच्च न्यायालयात ६० दिवस मिळतात, फाशीत निम्मे. ही मुदत आरोपीला सांगणं न्यायाधीशांवर बंधनकारक आहे, निकालाची प्रतही मोफत द्यावी लागते. वकील परवडत नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज जातो आणि विधी सेवा समिती मोफत वकील देते. कोठडीतल्या प्रत्येकाला हा हक्क आहे. अपील आणि कन्फर्मेशन सहसा एकत्रच ऐकतात. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत फाशी कायम करताच येत नाही. कायम करण्याच्या आदेशावर किमान दोन न्यायमूर्तींच्या सह्या लागतात. दोघांत मतभेद झाला तर प्रकरण तिसऱ्यापुढे जातं.

ट्रॉली पुन्हा काट्यावर

कारखान्याच्या काट्यावर शंका असली की ऊसवाला काय करतो? पावतीवरचा आकडा पुन्हा वाचत बसत नाही. ट्रॉली बाहेरच्या काट्यावर चढवतो. कन्फर्मेशनमध्ये उच्च न्यायालयाचं काम असंच आहे. सत्र न्यायालयाचा निकाल नीट लिहिलाय का, एवढंच पाहून भागत नाही. प्रत्येक साक्ष, प्रत्येक पंचनामा नव्याने तोलायचा असतो. त्यासाठी मूळ कागदांवरून ‘पेपरबुक’ तयार होतं: फिर्याद, साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, आरोपीचा जबाब, निकाल, सगळं क्रमाने बांधलेलं. मराठी साक्षींचं इंग्रजी भाषांतरही करावं लागतं. साक्षीदार ‘कोयता’ म्हणाला की ‘विळा’, हे भाषांतरात पुसलं गेलं तर जखमेचा ताळमेळ बिघडतो. कोयत्याचं पातं जड, घाव खोल जातो आणि हाड तुटतं. विळ्याने कापलं जातं.

एकच वस्तू जवळून पाहू. समजा, आरोपीने घरामागच्या गंजीतून कोयता काढून दिला. पंचांसमोर पंचनामा झाला, कोयता कागदात गुंडाळला, दोऱ्याने बांधला, लाखेचं सील लावलं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवली. उच्च न्यायालयात वाचताना प्रश्न सुरू होतात. जप्ती पाच तारखेची आणि प्रयोगशाळेत पोचल्याची नोंद तेवीस तारखेची. मधले अठरा दिवस पाकीट कुठे होतं? मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे का? घेऊन जाणाऱ्या शिपायाची साक्ष झाली का? सील शाबूत असल्याचं अहवालात लिहिलंय का? रक्त माणसाचं निघालं, पण गट ‘निश्चित करता आला नाही’ असं असेल तर ते मृताचंच कशावरून? आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीच्या वेळी तो कोयता दाखवून ‘ही जखम याने होऊ शकते का’ असं विचारलं होतं का? पुष्कळदा हा शेवटचा प्रश्न विचारायचाच राहून जातो. यातली एखादी उणीव म्हणजे आरोपी सुटला असं नाही. पण अशा तीन-चार उणिवा एकाच पुराव्यात निघाल्या तर त्या पुराव्याचं वजन जवळजवळ शून्यावर येतं.

उच्च न्यायालयाला गरज वाटली तर जादा पुरावाही घेता येतो. शिक्षा कायम करणं, कमी करणं, दोषसिद्धी रद्द करून सोडणं किंवा खटला नव्याने चालवायला पाठवणं, या सगळ्या वाटा त्याला खुल्या असतात.

घरातला खून सिद्ध करायला अवघड का

भर चौकातल्या खुनाला दहा साक्षीदार असतात. घरातल्या खुनाला दार बंद असतं. जे वाचले ते एकाच वेळी मृताचे आणि आरोपीचे नातेवाईक असतात. पोलिसांपुढे बोललेला भाऊ कोर्टात ‘मला काही आठवत नाही’ म्हणतो, म्हणजे फितूर होतो. त्यामागे दर वेळी पैसा नसतो. एका घरातली दोन माणसं गेल्यावर तिसरंही जाऊ नये, एवढीच धडपड कित्येकदा असते.

म्हणून असे खटले बहुतेक परिस्थितीजन्य पुराव्यावर चालतात: डोळ्यांनी पाहणारा कुणी नाही, पण आजूबाजूच्या गोष्टी एका दिशेला बोट दाखवतात. त्याचे पाच नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात घालून दिले. थोडक्यात, प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पक्की हवी आणि सगळ्या जोडल्यावर दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. कुस्तीत एक खांदा मातीला लागला म्हणून पंच चितपट देत नाहीत, दोन्ही खांदे टेकावे लागतात. इथेही ‘हाच असावा’ पुरत नाही, ‘हाच आहे, दुसरं कुणी असूच शकत नाही’ लागतं. सारडा खटला पत्नीच्या मृत्यूचा होता. पुण्यात फाशी सुनावली गेली होती, उच्च न्यायालयाने ती कायमही केली होती. सर्वोच्च न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला.

मग बंद दाराआडचे सगळेच सुटतील की! ही शंका रास्त आहे. कायद्याने तिचाही विचार केला आहे. जी गोष्ट फक्त आरोपीलाच ठाऊक असणार, ती सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. रात्री घरात नवरा-बायको दोघेच होते आणि सकाळी बायको गळा आवळलेल्या अवस्थेत सापडली, तर काय घडलं हे नवऱ्याने सांगायला हवं. त्रिमुख किरकन विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. पण त्या रात्री तो घरात होता, हे आधी पोलिसांनी सिद्ध करायचं. ते न करता आरोपी गप्प राहिला म्हणून त्याला दोषी धरलं, तर अपिलात नेमका तोच धागा ओढला जातो.

लहान मूल साक्षीदार असेल तर जास्त जपावं लागतं. मुलाची साक्ष चालते, वयाची अट नाही. प्रश्न समजतो का, उत्तर देता येतं का, हे न्यायाधीश आधी तपासतात. अपिलात पाहतात ते वेगळंच: घटनेनंतर मूल कुणाकडे राहिलं, जबाब किती दिवसांनी घेतला, पढवलं जाण्याइतका अवधी मिळाला का.

"पण त्याने स्वतःच कबूल केलंय!"

घरातल्या खुनांत हे फार घडतं. माणूस रक्ताळलेल्या कपड्यांनिशी पोलीस ठाण्यात येतो आणि म्हणतो, मीच मारलं. दुसऱ्या दिवशी मथळा ‘कबुली’ असा असतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. चालतं ते एवढंच, की त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर ती वस्तू आणि तेवढाच शब्दभाग.

याचं ठळक उदाहरण बिहारमधलं आहे. अघनू नागेसिया याने १९६३ मध्ये मावशी आणि तिच्या कुटुंबातले मिळून चौघांना मारल्याची फिर्याद स्वतःच पोलिसांत दिली होती. त्याला फाशी झाली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीनेच दिलेली अशी फिर्याद ही पोलिसांपुढची कबुलीच आहे. ती बाजूला ठेवल्यावर उरलेला पुरावा पुरेसा नव्हता, म्हणून तो सुटला. ऐकायला हे विचित्र वाटतं. पण कबुलीवर भागणार असेल तर ती मिळवण्यासाठी कोठडीत काय होईल, हे आपल्याला माहीत आहे. नियम त्यासाठीच आहे आणि तो राहायलाच हवा. पोलिसांनीही त्यातून एक धडा घ्यावा: आरोपी स्वतः चालत आला म्हणून तपास सैल सोडायचा नाही.

गुन्हा सिद्ध झाला, म्हणून फाशीच का?

हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे आणि अपिलात सगळ्यात जास्त शिक्षा इथेच बदलतात. खुनाला नेहमीची शिक्षा जन्मठेप आहे. फाशी द्यायची तर ‘विशेष कारणं’ लिहावी लागतात. बच्चन सिंग विरुद्ध पंजाब या १९८० च्या निकालात घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनात्मक ठरवली, पण फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांसाठी. पुढे १९८३ मध्ये माच्छी सिंग निकालात खुनाची पद्धत, हेतू, मृतांची संख्या, मृत किती असहाय होते, अशा कसोट्या आल्या. घरातल्या खुनात मृत बहुधा असहायच असतात: झोपलेली मुलं, म्हातारी आई. त्यामुळे कौर्याची बाजू आपोआप भरते आणि दुसरी बाजू पाहायची राहून जाते.

दुसरी बाजू म्हणजे आरोपी माणूस म्हणून कोण होता. आधी कधी गुन्हा केला होता का, मानसिक आजार होता का, सुधारण्याची शक्यता आहे का. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या २०२२ च्या निकालानंतर याची माहिती नुसती तोंडी सांगून चालत नाही. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा आणि कामाचा अहवाल, मानसिक तपासणीचा अहवाल मागवावा लागतो. हे काम सत्र न्यायालयातच व्हायला हवं. प्रत्यक्षात दोषी ठरवल्यावर एक-दोन दिवसांत शिक्षेची सुनावणी उरकली जाते आणि हे अहवाल अपिलाच्या वेळी पहिल्यांदा येतात. म्हणून शिक्षा तिथे बदलते. केरळमध्ये पत्नी आणि चार मुलांच्या खुनात एकाला फाशी झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली, पण तुरुंगातली वागणूक आणि आधी गुन्हा नसणं पाहून मरेपर्यंत तुरुंगवास दिला. कोल्हापूरच्या प्रकरणात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सुधारण्याची शक्यता दिसत नाही, असं म्हणून फाशी कायम केली.

फाशी कमी झाली म्हणजे ‘चौदा वर्षांत बाहेर’ हा समजही सोडून द्यावा. जन्मठेप म्हणजे आयुष्यभराची कैद. गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ मध्येच हे ठरलं. चौदा वर्षं ही सूट मिळण्याआधीची किमान मुदत आहे, सुटकेचा हक्क नाही. शिवाय २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून सूट न देण्याच्या अटीवरही जन्मठेप देता येते. २०१५ मध्ये घटनापीठाने हा अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांपुरता ठेवला.

चूक खरंच होते का?

होते, आणि तीही महाराष्ट्रातच झालेली आहे.

नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मग पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. तो कागद रेकॉर्डमध्ये होता, त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सहा तरुणांची सोळा वर्षं गेली आणि त्या कुटुंबाचे खरे मारेकरी कोण, हा प्रश्न तसाच राहिला. हे दुसरं नुकसान आपण विसरतो. चुकीच्या माणसाला फाशी म्हणजे खरा मारेकरी मोकळा.

पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यातल्या एका आरोपीची फाशी २००० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली. शाळेच्या नोंदीवरून २०२३ मध्ये सिद्ध झालं, की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढून तो सुटला. वयाचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, म्हणून तो वाचला.

हायकोर्टानंतर

इथे बहुतेकांची गफलत होते. उच्च न्यायालयाने फाशी कायम केल्यावर सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा आपोआप हक्क नसतो, परवानगी मागावी लागते. पण फाशीचं प्रकरण तीन न्यायमूर्ती ऐकतात आणि २०१८ पासून अशी याचिका कारणं न देता फेटाळता येत नाही. त्यानंतर पुनर्विचार याचिका. तीही २०१४ पासून फाशीच्या प्रकरणात खुल्या न्यायालयात ऐकावी लागते, आणि नाशिकच्या सहा जणांना त्यातूनच न्याय मिळाला.

शेवटी दयेचा अर्ज. नव्या संहितेत त्याला मुदत आहे: न्यायालयीन वाट संपल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत राज्यपालांकडे, त्यांनी फेटाळल्यास ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. ही मुदत अर्ज करण्याला आहे. निर्णय लांबल्याने काय होतं, हे कोल्हापूरने पाहिलं आहे. मुलांचं अपहरण आणि खून यांबद्दल गावित बहिणींना कोल्हापुरात २००१ मध्ये फाशी झाली. २००४ मध्ये उच्च आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला. सरकारकडे कागद जवळजवळ आठ वर्षं पडून राहिले म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. ‘अपिलांमुळे उशीर झाला’ असं तेव्हाही बोललं गेलं. पण दोन्ही न्यायालयांचं काम मिळून साधारण पाच वर्षांत झालं होतं. उशीर फायलींचा होता.

मृतांच्या माणसांनी काय करायचं

त्यांना बाजूला बसवून हे सगळं चालतं, अशी भावना असते आणि ती चुकीची नाही. तरी हक्क आहेत. आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर मृताच्या वारसाला स्वतः अपील करता येतं. शिक्षा वाढवण्यासाठी मात्र फक्त सरकारलाच जाता येतं. सुनावणीत म्हणणं मांडायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला आहे, त्यासाठी वकिलामार्फत अर्ज द्यावा. भरपाईसाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

जमिनीचाही प्रश्न येतो. ज्याने खून केला त्याला मृताच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ मध्ये ते आहे. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना निकालाची प्रमाणित प्रत तलाठ्याकडे द्यावी. अपील चालू असेल तर तेही सांगावं, कारण आरोपी निर्दोष सुटला तर या नोंदीचा आधारच जातो.

आणि एक छोटी गोष्ट. सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा खास नंबर) टाकून केसची तारीख मोबाईलवर दिसते, तो लिहून ठेवा. कन्फर्मेशन आणि अपील यांचे नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही ठेवा. राहण्याचा नवा पत्ता पोलीस ठाण्यात आणि सरकारी वकिलांकडे लेखी द्या, पोच घ्या. उच्च न्यायालयाची नोटीस फिर्यादीतल्या पत्त्यावर निघते. खून झालेल्या घराला पुष्कळदा कुलूप असतं, मुलं आजोळी असतात, आणि ती नोटीस त्या बंद दारावरून परत जाते.